रांजणातले खडे

२०१९ च्या एप्रिलमध्ये शेजारीण मला सिनेमाला घेऊन गेली. तिकीट तिनेच काढलं होतं. आम्ही राहतो केटीत, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. तिच्या चर्चमधल्या पंचवीस-तीस बायका, काहींचे नवरे, अशी दोन रांगा भरून मंडळी आली होती. एकीने पर्समधून टिश्यूचा डबा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला तेव्हाच मला कळलं की इथे रडायचं ठरवून आलेत. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला बायका पदर हातात घेऊनच बसतात.

सिनेमाचं नाव ‘अनप्लॅन्ड’. गोष्ट खऱ्या बाईची, ॲबी जॉन्सनची. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत असताना, २००१ मध्ये, ती ब्रायन गावातल्या प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या, म्हणजे कुटुंबनियोजन आणि गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थेच्या, दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून गेली आणि पुढे त्याच दवाखान्याची संचालक झाली. २००८ मध्ये उत्कृष्ट कर्मचारी म्हणून तिचा गौरवही झाला. सप्टेंबर २००९ मध्ये एका शनिवारी गर्भपाताच्या वेळी माणूस कमी पडला म्हणून तिला आत बोलावलं, सोनोग्राफीचा प्रोब हातात दिला. तेरा आठवड्यांचा गर्भ. समोर पडदा. ती नळी आत येताना आणि तो आकार आक्रसून मागे सरताना तिने पाहिला, आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेला राजीनामा दिला. आठ वर्षं ज्यांना ती कुंपणापलीकडे बघत आली होती, त्या गर्भपाताविरुद्ध प्रार्थना करणाऱ्या लोकांकडेच ती गेली.

हा प्रसंग सिनेमात अगदी सुरुवातीला येतो. आमच्या रांगेतून एक आवाज निघाला, चुलीवरचं दूध उतू जाताना तोंडून निघतो तसा. शेजारणीने माझा हात धरला. मीही हात सोडवला नाही. पडद्यावर जे चाललं होतं ते बघवत नव्हतं, हे मी आजही कबूल करते.

पण मला तिथे बसल्या बसल्या आठवत होता वाल्या कोळी.

आपल्याकडे वाल्याची गोष्ट सांगताना रांजण सांगितल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. एक खून, एक खडा. असे सात रांजण भरले. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा नारदापेक्षा मला त्या रांजणांचंच भय वाटे. रात्री मोरीतल्या रांजणाकडे बघायची छाती होत नसे. जॉन्सनबाईंकडेही रांजण आहेत. आपल्या नोकरीच्या काळात त्या दवाखान्यात बावीस हजारांहून अधिक गर्भपात झाले, असं त्या सांगतात, आणि सिनेमाच्या जाहिरातीतही तो आकडा ठळक होता. पापाचा आकडा जेवढा मोठा, तेवढी पुढची कृपा मोठी. अमेरिकेतल्या चर्चमध्ये याला ‘टेस्टिमनी’ म्हणतात, म्हणजे साक्ष. उभं राहायचं, मी कोण होते ते सांगायचं, तो क्षण सांगायचा, आणि आता मी कोण आहे ते सांगायचं. ‘अनप्लॅन्ड’ दोन तास चालणारी साक्षच आहे. ती सिनेमाच्या नियमांनी तपासायला गेलं की पडते. दवाखान्यातली वरिष्ठ बाई अशी रंगवली आहे की मिशी असती तर तिने पिळली असती. पण साक्ष म्हणून ऐकली तर तिची बांधणी आपल्या ओळखीची निघते: नारद, प्रश्न, रांजण, वारूळ.

कीर्तनकार एक गोष्ट मात्र कधी सांगत नाहीत. वाल्या वारुळात गेला, मग घरी बसलेल्या बायकापोरांना कोणी जेवू घातलं? पापात वाटेकरी व्हायला नकार दिला म्हणून त्या बाईकडे आपण तुच्छतेने बघतो. चूल तिच्याच गळ्यात राहिली असणार, याचा विचार मी चाळिशीपर्यंत केला नव्हता.

तो दवाखाना मी पाहिलेला आहे. २००६ मध्ये लग्न होऊन मी कॉलेज स्टेशनला आले. नवरा पीएचडी करत होता, मी एफ-२ व्हिसावर, म्हणजे नोकरी नाही, शिक्षण नाही, गाडी चालवता येत नाही. कॉलेज स्टेशन आणि ब्रायन ही जुळी गावं, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे फक्त पाटीवरून कळतं. ब्रायनच्या एकोणतिसाव्या रस्त्यावर तो दवाखाना होता, भोवती लोखंडी कुंपण. कुंपणाबाहेर माणसं उभी असत. ‘फॉर्टी डेज फॉर लाइफ’ हे चाळीस दिवसांच्या प्रार्थनेचं आंदोलन २००४ मध्ये याच गावात, याच कुंपणाशी सुरू झालं, आता ते जगभर पसरलंय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला ते लोक चक्क आपले वाटले होते.

याचं कारण साताऱ्यात आहे. २००२ मध्ये कॉलेजात असताना आम्ही स्त्रीभ्रूणहत्येवर पथनाट्य करायचो. मी भ्रूण होते. दोन मुली लाल ओढणी गोल धरायच्या आणि त्यात मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, मग उठून लोकांना विचारायचे, माझं काय चुकलं? पोवई नाक्यावर एकदा एका म्हातारीने माझ्या हातात दहाची नोट ठेवली होती. त्यामुळे ब्रायनच्या कुंपणाशी गर्भाच्या चित्राचा फलक धरलेली बाई दिसली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिने पत्रक दिलं. माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत मी तिला विचारलं, “इथेही मुलगी आहे म्हणून पाडतात का?” ती गोंधळली. मग प्रेमाने म्हणाली, “मुलगा, मुलगी, सगळीच देवाची.” मी मान डोलावली. आम्ही दोघी वेगवेगळ्या विषयांवर बोलतोय हे कळायला मला काही वर्षं लागली.

आमच्या पथनाट्याचा राग होता तो सोनोग्राफीच्या पडद्यावर. त्याआधी गर्भजल परीक्षेवर. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली निघाल्या ८९४, बीड जिल्ह्यात ८०७. पण त्या लढ्यातल्या शहाण्या बायका तेव्हाही बजावत होत्या की शब्द जपून वापरा. लिंग बघून गर्भ पाडणं हा गुन्हा, गर्भपात हा हक्क. ‘भ्रूणहत्या’ म्हणत राहिलात तर उद्या कुठलीच बाई दवाखान्यात तोंड वर करून जाऊ शकणार नाही. आम्हाला एका ताईंनी हे सांगितलंही होतं. पण ‘हत्या’ हा शब्द नाट्यात चांगला बसायचा, टाळी घ्यायचा. आम्ही तोच ठेवला.

सिनेमातल्या पडद्याचंही मला असंच झालं. ॲबी जॉन्सनला पडदा दाखवतो. माझ्या मुलखात तो लपवतो, कायद्यानेच. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बसून माझ्या बहिणीने दोन बाळंतपणं काढली. मला दिवस गेले ते २०१० मध्ये, टेक्सासात. सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने हसत विचारलं, “काय आहे, सांगू?” आणि मी टेबलावर ताठ झाले, जणू तिने मला लाच देऊ केली होती. म्हटलं, नको. तिला वाटलं मला आश्चर्याचा धक्का हवाय.

त्याच गरोदरपणात बाराव्या आठवड्याच्या तपासणीत काहीतरी जुळेना. बाळाच्या मानेमागचं पाणी जास्त, रक्तातले आकडे वाकडे. डॉक्टर म्हणाल्या, शक्यता आहे, खात्री करायची तर सोळाव्या आठवड्यात एक तपासणी करू. तपासणीचं इंग्रजी नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला. गर्भजल परीक्षा. आमच्या पथनाट्यात या दोन शब्दांवर ढोलकी थांबायची.

निकाल यायला अकरा दिवस लागले. मी तोवर दोन्ही बाजूंनी बोलणारी बाई झाले होते. कुंपणाबाहेरच्यांचं पटायचं आणि कुंपणाआतल्यांचंही, वादात मी दोन्हीकडून भांडू शकत असे. त्या अकरा दिवसांत मात्र यातलं एकही मत जवळ आलं नाही. भाजी निवडावी तसे मी दिवस निवडत होते. नवऱ्याने एकदा विचारलं, “आपण काय करायचं, जर…” मी म्हटलं, “भात लावलाय, शिट्ट्या मोज.” निकाल चांगला आला. मुलगी आता शाळेत बास्केटबॉल खेळते. त्यामुळे माझ्याकडे साक्ष नाही. मी तेव्हा काय केलं असतं हे मला माहीत नाही, आणि जे लोक ते ठामपणे सांगतात, त्यांच्याबद्दल मला थोडा मत्सर आणि थोडी शंका वाटते.

शंका जॉन्सनबाईंच्या गोष्टीवरही घेतली गेली आहे. ‘टेक्सास मंथली’ या मासिकाने २०१० मध्ये तिच्यावर मोठा लेख केला. ती सांगते तो दिवस २६ सप्टेंबर २००९, आणि ती बाई कृष्णवर्णीय होती असं तिचं म्हणणं. दवाखान्याच्या त्या दिवसाच्या नोंदीत कृष्णवर्णीय पेशंट एकच, आणि तिला सहाच आठवडे झालेले. तेरा आठवड्यांची कोणी नाही. सोनोग्राफी बघत गर्भपात त्या दिवशी केलाच नाही, असं संस्थेचं म्हणणं. नोंदी चुकीच्या आहेत, असं जॉन्सनबाईंचं. शिवाय तेरा आठवड्यांच्या गर्भाची हालचाल ही बचावासाठी केलेली धडपड नसते, तेवढी मेंदूची जोडणी तोवर झालेली नसते, हे डॉक्टर सांगतात ते वेगळंच. सिनेमाने यातल्या कशाचीच दखल घेतली नाही. त्यात कुणी खोटं बोललंच असेल, असंही मला म्हणवत नाही. मत बदलायला तिला बहुधा वर्षं लागली असणार. दोन गर्भपात तिचे स्वतःचे झालेले, कामावर वरिष्ठांशी खटके, कुंपणापलीकडच्या बायका नावाने हाक मारायच्या. नंतर मागे वळून बघताना माणूस त्या सगळ्याला एक दिवस शोधून देतो. मीही आत्ता अकरा दिवस शोधून दिलेच की.

सिनेमात मला खरी वाटली ती कुंपणाची जागा. प्रार्थना करणारं तरुण जोडपं आणि ॲबी, मध्ये लोखंडी गज, आणि दोन्हीकडून चाललेली साधी विचारपूस. आपल्याच बाजूची काही माणसं मृत्यूचा वेश करून येणाऱ्या मुलींना घाबरवतात, त्यांना ती तरुण बाई थांबवते. हा भाग आणखी हवा होता. त्याऐवजी शेवटी बुलडोझर येतो आणि दवाखान्याची पाटी पाडतो. बुलडोझरवर बसलेत सिनेमात दहा लाख डॉलर घातलेले उशांचे कारखानदार, माइक लिंडेल. आमच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

पैशांचं म्हणाल तर साठ लाख डॉलरचा सिनेमा, पहिल्या तीन दिवसांतच त्याने तेवढे वसूल केले. रक्ताच्या दृश्यांमुळे त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, सतरा वर्षांखालच्यांना एकट्याने बघता येईना, त्यावरून बरीच आरडाओरड झाली. बऱ्याच वाहिन्यांनी जाहिराती नाकारल्या. त्याचीही जाहिरात झाली.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये शेजारणीने विचारलं, “काही बदललं का आत?” तिने हे इतक्या मायेने विचारलं की खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, विचार करतेय. ती म्हणाली, “मी प्रार्थना करेन.” खरंच करत असेल.

त्यानंतर वर्षभराने, करोनात सगळे घरी असताना, नॉर्मा मॅकॉर्वीवरचा माहितीपट आला. १९७३ च्या ज्या खटल्याने अमेरिकेत गर्भपाताचा हक्क दिला, त्यातली ‘जेन रो’ म्हणजे ही. १९९५ मध्ये तिने बाजू बदलली, एका पोहण्याच्या तलावात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची वीसेक वर्षं गर्भपाताविरुद्ध बोलत राहिली. मरणाच्या दारात कॅमेऱ्यासमोर म्हणाली की तो सगळा अभिनय होता, मला पैसे मिळत होते. तिच्या जवळच्या काही जणांनी हे मानलं नाही. ती २०१७ मध्ये वारली ती आमच्याच केटीत, वृद्धांच्या एका निवासात. मी किती वेळा त्या बाजूने किराणा आणायला गेले असेन. दोन्ही बाजूंना तिच्या साक्षीची गरज होती, आणि दोघांनीही ती मिळवली.

श्रद्धेच्या सिनेमांत मतांतराची वाट एकाच दिशेने जाते, ही माझी खरी तक्रार. उलटी वाटही आहे, आणि तीवर एक नाव आपल्या शेजारचं आहे. बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवेत राहणारी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगण्यात आलं. २८ तारखेला ती जंतुसंसर्गाने गेली. १९८३ मध्ये जवळपास ६७ टक्के आयरिश मतदारांनी गर्भपातबंदी घटनेत घातली होती, २०१८ च्या मे महिन्यात ६६.४ टक्क्यांनी ती काढली. त्यातले कितीतरी जण दर रविवारी चर्चला जाणारे होते. त्यांच्यातल्या कुणाला कुठल्या रविवारी काय वाटलं, यावर सिनेमा कोण काढणार? डब्लिनच्या भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं, आणि लोक मत देऊन आल्यावर त्यावर चिठ्ठ्या चिकटवत गेले. आपल्याकडच्या समाधीवर नारळ ठेवतात तशा.

सिनेमा पाहिला त्याच वर्षीच्या दिवाळीत भारतात गेले तेव्हा कराडला मावशीकडे चार दिवस राहिले. मावशी अठ्ठ्याहत्तरची. मी सिनेमाची गोष्ट सांगितली, थोडी तिखटमीठ लावूनच. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “माझं नाही का झालं.”

मला माहीतच नव्हतं.

“कधी गं, मावशी?”

“संज्या चालायला लागला तेव्हा. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर असेल. तीन होती, चौथ्याला कुठनं घालणार? ह्यांना म्हटलं ऑपरेशन करून घ्या, तर आणीबाणीपासून ह्यांनी दवाखान्याचं नाव टाकलेलं. मग मीच गेले. क्युरेटिंग केलं आणि त्याच वेळी ऑपरेशन पण करून घेतलं.”

“कोण होतं सोबत?”

“थोरल्या जाऊबाई. बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, चटणीभाकरी बांधून आणलेली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. चहा दिला नंतर.”

“वाईट वाटलं?”

तिने एक शेंग फोडली, दाणे किडके निघाले, ती टाकली. “आठवतं. वाईट म्हणजे, आठवतं. तुला चहा टाकू?”

१९७१ च्या ज्या कायद्याने मावशीला तो दवाखाना मिळाला, त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते शांतिलाल शहा, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समिती १९६४ ची. आडवाटेच्या सुइणींकडे जाऊन बायका मरतात ही एक काळजी, लोकसंख्या ही दुसरी. हक्क वगैरे शब्द कुणाच्या मनात फारसे नव्हते, पापही नव्हतं. संसदेत त्यावर अमेरिकेसारखं महाभारत झालं नाही. लग्न झालेल्या बाईची गर्भनिरोधकं फसली तर तेही कारण धरलं जाईल, असं कायद्यात लिहिलं, आणि त्यातला ‘लग्न झालेल्या’ हा भाग पुसायला २०२१ उजाडलं. नवऱ्याच्या सहीची गरज कायद्याला तेव्हाही नव्हती. दवाखाने मागतात ते सोडा. मावशी ना साक्षीला उभी राहिली, ना मोर्चाला गेली. तिच्या रांजणात एक खडा आहे, तो तिने लपवलेला नाही आणि कुणाला मोजायलाही दिलेला नाही.

ब्रायनचा दवाखाना २०१३ मध्ये बंद पडला. बुलडोझर काही आला नव्हता. टेक्सासच्या विधिमंडळाने २०११ मध्ये कुटुंबनियोजनाचा निधी दोन तृतीयांश कापला होता. आमच्यासारख्या अर्धवट विम्याच्या बायका तिथे गोळ्यांसाठी, तपासण्यांसाठी जात, गर्भपाताचा त्यात संबंधही नसे. त्या इमारतीत पुढे ‘फॉर्टी डेज फॉर लाइफ’चं मुख्यालय आलं. एकदा मुलीला विद्यापीठ दाखवायला नेलं तेव्हा त्या रस्त्याने गाडी घातली. मुलगी मोबाइलमध्ये होती. मीही थांबले नाही.

२०२२ च्या २४ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा तो निकाल रद्द केला, आणि ऑगस्ट संपायच्या आत टेक्सासात गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद झाला. शेजारणीच्या घरी त्या संध्याकाळी गाड्यांची रांग लागली होती. तिने मला बोलावलं नाही, हा तिचा समजूतदारपणा. दोन दिवसांनी स्वतः पीच पाय घेऊन आली, आम्ही हवामानावर बोललो.

रविवारी मावशीला फोन केला. इकडे आता बंद झालंय म्हटलं.

“बंद म्हणजे? पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग बायका करतात काय?”

“न्यू मेक्सिकोला जातात. दुसरं राज्य. इथून गाडीने बारा-तेरा तास.”

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. मागे कुकरची शिट्टी झाली.

“बारा तास,” मावशी म्हणाली. “आणि सोबत कोण असतं गं?”